जवसाच्या तेलातला दोर

कोणतीही दोरी हातात आली की माझी बायको ती आधी दातात धरायची. बैलाचा कासरा असो, बाजेचा सुंभ असो, दुकानातून पुडा बांधून आलेला दोरा असो. दातात धरून जरा ओढायची, जिभेनं ओली करायची आणि दोन बोटांत उलटा पीळ देऊन पाहायची. मगच बोलायची. आमच्या पोरीच्या लग्नात पंगत बसली होती आणि ही मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहून मांडववाल्याला सांगत होती, "भाऊ, ही सुतळी दोन पाण्यात जाईन. कोनं देल्ली तुमाले?"

मांडववाला म्हणाला, "काकू, लगन एकाच दिवसाचं हाय न."

"मंग चालते," म्हणाली आणि वरण वाढायला निघून गेली.

गाव तिला दोरवाली म्हणायचं. चारचौघांत मीही तेच म्हणत होतो. घरात नुसतं "अवं" म्हटलं तरी काम भागत होतं. आता घरात अवं म्हणायला कोणी नाही, म्हणून हे लिहितो आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चुकलं तर चुकलं.

तिचा बाप भोई. भोयाच्या घरी जाळी असतात, पण ह्या माणसाचा जीव काठीवर होता. दहा हात लांब वेळूची काठी, तिच्या टोकाला दोर, दोराच्या टोकाला गरी, म्हणजे गळ. एका हातानं ती उचलत नाही, दोन्ही हात लागतात. एक हात बुडाशी आणि दुसरा कोपरभर वर. बापानं पोरीला ती काठी शिकवली. लग्न करून आली तेव्हा तिच्यासोबत एक पेटी आली, दोन भांडी आली आणि ती काठी आली. एसटीच्या कंडक्टरनं काठी आत घेतली नाही. टपावर बांधतो म्हणाला. तेव्हा ती नवी नवरी गाडीतून खाली उतरली, त्यानं बांधलेली दोरी तिनं दातानं तपासली आणि सोडून पुन्हा स्वतः बांधली. माझे मित्र माझ्याकडे पाहून हसत होते. मी खाली पाहिलं.

आर्णीच्या खाली अरुणावती वळते तिथं आमचं गाव. वळणावर डोह आहे. आमच्या बाजूनं उंच दरड, दरडीवर बाभळीच बाभळी. पलीकडं काळा खडक पाण्यात उतरला आहे आणि त्याच्या पोटाखाली कपार आहे. मोठी मरळ त्या कपारीत राहते. डोहात बुडालेली झाडं आहेत, त्यामुळे जाळं टाकलं की फाटतं. काठीनं फेकावं म्हटलं तर काठी मागं न्यावी लागते आणि मागं न्यायला गेलं की गरी बाभळीत. दरडीवरच्या बाभळींना आमच्या गावातल्या तीन पिढ्यांच्या गऱ्या लटकलेल्या होत्या.

दोरवालीची गरी त्यात एकही नव्हती. ती काठी मागं नेतच नव्हती. दोर पाण्यावर समोर पसरलेला असायचा. दोन्ही हातांनी तो हळू आपल्याकडे ओढून घ्यायची, टोक तेवढं पाण्याला चिकटलेलं ठेवायची आणि मग काठी अशी पुढं ढकलायची की दोराचं मोठं वेटोळं हवेत उभं राहायचं आणि पाण्यावर उलगडत उलगडत जायचं. ओलं लुगडं वलणीवर टाकावं तसं. शेवटी गरीला आमिष म्हणून टोचलेला नाकतोडा खडकाजवळ असा उतरायचा की वाटावं, आपणच उडून आला. आवाज नाही, काही नाही.

"गरी फेकाची नसते," ती म्हणायची, "दोर फेकाचा असते. गरी आपसूक जाते."

नाकतोड्याला वजन किती? काहीच नाही. शिसं बांधलं तर मरळ पळते. म्हणून सारं वजन दोरातच पाहिजे. तिचा दोर काठीकडे बेताचा जाड, मधे जास्त जाड आणि पुढं बारीक होत होत शेवटी वातीएवढा. "दोराले पोट पाह्यजे," म्हणायची आणि माझ्याकडे पाहायची. "तुमच्यावानी वाळकुडा दोर कामाचा नाई."

हे मी सांगतो आहे ते कापसाच्या वाईट वर्षांतलं. त्या वर्षांवर पुष्कळांनी लिहिलं. गाड्यांतून आले, फोटो काढले, लिहून गेले. मी त्यात शिरत नाही. मी शेतकरी नव्हतो. आर्णीच्या एका जिनिंगात रेच्यावर होतो, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या मशीनवर. वीस हंगाम काढले. कापूस पडला की शेतकरी पडतो हे सगळ्यांना दिसतं. रेचा बंद पडला की रेच्यावरचा माणूस कुठं जातो, ते कोणी विचारत नाही. मी घरी गेलो. त्यानंतर आमची चूल दोरवालीच्या काठीवर चालली. सकाळी एक मरळ लागली की ती आर्णीला जायची आणि येताना तेलमीठ, ज्वारी आणायची. नाही लागली की आम्ही अंबाडीची भाजी खायचो. तिनं मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

दोर मात्र टिकत नसतो. दोन-तीन पावसाळे काढतो, मग पोटातून कुजतो. नवा दोर वळायच्या आधी ती दरवेळी पुन्हा पारख करायची. बाजारात जे जे नवीन आलं ते ते आणायची. हट्टी नव्हती, हे मी सांगतो. नवीन चांगलं निघालं असतं तर तिनं तेच घेतलं असतं.

एकदा तिनं चार दोर सारख्या लांबीचे केले. डोहाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाणी आहे, तिथं मला पळसाच्या काड्या घेऊन उभं केलं.

"जिथं टोक पडन तिथं काडी खोसा. आपली अक्कल लावू नका."

"अवं, पाय गारठले माये."

"मरळीचे गारठत नाई काय? उभे राहा."

आधी अंबाडीचा दोर. पहिली फेक चांगली गेली, दुसरी कमी, तिसरी माझ्यापर्यंत आलीच नाही. "पानी पेते," ती म्हणाली. "तिसऱ्या फेकीले म्हातारी होते." मग तंगूस, तो नायलॉनचा पारदर्शक धागा. दातानं तुटत नव्हता. पण फेकला की वाऱ्यानं परत तिच्याच तोंडावर. पाण्यातही सरळ पडला नाही, रिळावर जसा गुंडाळला होता तशीच वळणं धरून बसला. "ह्याले लय आठवन हाय," ती म्हणाली. "जुनं सोडतच नाई." मग नव्या बियाण्याच्या कापसाचा दोर, पाकिटातल्या बियाण्याचा. धागा लांब, मऊ, ताकदीलाही कमी नव्हता. मला तोच आवडला. तोच मधल्या मधे बसला. "हे कसं हाय माहीत हाय का," ती म्हणाली, "दिसाले देखणं, पन अंगात ताठपणा नाई. ढकललं की बसून जाते."

शेवटी देशी कापसाचा, जुन्या कुजत आलेल्या दोराचा उरलेला तुकडा. आखूड, राठ कापूस, ज्याची गादी भरली तर दहा वर्षं दबत नाही. तो दोर माझ्या डोक्यावरून गेला. मागं वळून चार पावलं चाललो तेव्हा काडी खोसता आली.

मी ओरडलो, "हा पोचला वं!"

ती हसली नाही. दोर गोळा करता करता म्हणाली, "पोचला. पन आता हा कापूस पेरते कोन?"

कोणीच पेरत नव्हतं. साऱ्या शिवारात पाकिटाचं बियाणं. फक्त देवरावजी म्हणून एक म्हातारे होते, त्यांच्या बांधाकडच्या धुऱ्याला देशी कापसाच्या दोन ओळी, म्हणजे दोन तास, असायच्या. त्यांच्या बायकोला दिव्याच्या वातींसाठी लागायचा. ती गेल्यावरही त्यांनी ते दोन तास ठेवले. दोरवाली दर वर्षी त्यांच्याकडे वेचायला जायची आणि मजुरीच्या बदल्यात तो कापूस आणायची. त्या वर्षी त्यांनी पोतडीभर बोंडं दिली आणि म्हणाले, "बाई, हे शेवटचं. पोरगा म्हणते ह्या दोन तासाले जागा कायले? त्याचंही खोटं नाई."

"सरकी ठेवा जराशी," ती म्हणाली.

"ठेवीन," म्हातारे म्हणाले. पण होळीच्या आधी तेच गेले, आणि घर झाडताना कोणी ती मूठभर सरकी ढोरांना टाकली. त्यात कोणाची चूक नाही. ढोरं उपाशी होती.

तिच्याही पोतडीतल्या बोंडांतून सरकी निघाली होती. ती तिनं ठेवली होती. पण ती मडक्यांत भरून घरात ठेवलेली आणि घरात उंदीर आहेत. उंदरांना सरकी आवडते. तीन मडकी होती, त्यांनी तिन्ही पाडून फोडली. म्हणजे जो काही कापूस होता, तो त्या वर्षीच्या एका नव्या दोरात होता. हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

तो दोर तिनं साऱ्या हिवाळ्यात वळला. हातानं सरकी काढली, पेळू केले, टकळीवर सूत काढलं, पदरावर पदर देऊन पीळ दिला. कुठं किती पदर घालायचे आणि कुठून कमी करायचे, ते तिच्या बोटांत होतं. मग तेल. जवसाचं तेल आणि त्यात थोडं मेण. तेल लावलं की दोर पाणी पीत नाही. पण एकदा लावून होत नाही. लावायचं, निंबापासून फाटकापर्यंत मोकळा ताणून वाळवायचा, आठ दिवसांनी पुन्हा लावायचं. असं तीनदा. तिसरा हात लागून वाळला की दोर पिवळा सोन्यासारखा होतो आणि बोटाला चिकटत नाही.

तिसरा हात तिनं चैत्रात लावला आणि त्याच सकाळी निरोप आला की घाटंजीला पोरगी बाळंत झाली. नातू झाला होता. घाईघाईनं निघाली. फाटकात उभी राहून मला म्हणाली, "अवो, ध्यानात ठेवा. वादळ येवो, पानी येवो, दोर काढू नका. भिजला तर भिजू द्या, वाळन पुन्हा. फक्त गुंडाळू नका."

"नाई गुंडाळत."

"शपथ?"

"जाय न बापा, गाडी जाईन तुई."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. अवकाळी. वाऱ्यानं शेजारच्या घरावरचं टिन उडालं. गारा पडायला लागल्या, लिंबाएवढ्या. मी दाराशी उभा होतो आणि समोर तो दोर नाचत होता. एक फांदी मोडून त्याच्यावर पडली. मला वाटलं, तुटतो. साऱ्या हिवाळ्याची तिची मेहनत तुटते. मी पावसात गेलो आणि दोर काढून आणला.

इथं माझी चूक आहे, ती नीट सांगतो. दोर ओला होता म्हणून मी तो पुसला, पंच्याचा फडका तेलानं पिवळा झाला. मग घट्ट गुंडाळला. मग माझ्या जिनिंगातली थोडी कचऱ्याची रुई घरात होती, उशीसाठी आणलेली, तिच्यात तो गुंडा ठेवला, म्हणजे रुई ओल ओढून घेईल. तो फडकाही त्यातच. मग बारदानात भरून तोंड बांधलं आणि टिनाच्या खाली माळ्यावर टाकला. मला वाटलं मी शहाणपणा केला. रात्री चांगला झोपलो.

सकाळी ऊन कडक पडलं. दहा-अकराच्या सुमाराला घरात वास यायला लागला, जवस भाजल्याचा. शेजारीण जवसाची चटणी करते, मला वाटलं. बाजेवर पडल्या पडल्या मी तिला ओरडूनही म्हणालो, "वहिनी, करपून राह्यली तुमची चटनी."

ती तिकडून म्हणाली, "आमच्याकडं आज बेसन हाय भाऊजी."

तरी मी उठलो नाही.

दुपारच्या एसटीनं दोरवाली आली. नातवाचं काही सांगेल म्हणून मी उठून बसलो. तिनं दारातच नाक वर केलं. चप्पल काढली नाही, पिशवी खाली ठेवली नाही.

"दोर कुठं हाय?"

मी माळ्याकडे बोट केलं. तिनं स्वतः चढून बारदान खाली ओढलं. बारदान गरम होतं. तोंड सोडलं तर धुराचा भपकारा आला. वरची रुई पिवळी, मधली तपकिरी आणि मधे तो गुंडा, कोळशासारखा काळा. तिनं बोट लावलं तिथं भुगा झाला. बाहेरच्या फेऱ्यातला चार हात तेवढा साबूत होता, काठीकडचा.

ती खाली बसली. तो साबूत तुकडा सोडवून वेगळा ठेवला. मग मला विचारलं, अगदी साधेपणानं, "तुमच्या जिनिंगात तेलाच्या चिंध्या कुठं ठेवत होते?"

"बाहेर," मी म्हणालो. "लोखंडी पिंपात."

"काहून?"

"रुईत गेल्या की आपसूक पेटते म्हनून."

"हं," म्हणाली.

बस. वीस हंगाम मुकादम आमच्या कानाशी ओरडत होता की तेलाची चिंधी रुईत सापडली तर बोनस विसरा. वीस हंगाम मी ते ऐकलं. ज्याला हे माहीत नाही अशा माणसानं केलं असतं तर वेगळं होतं. मला माहीत होतं आणि मीच केलं. तिनं नंतर नातवाचं सांगितलं. नाक तिच्या बापासारखं आहे म्हणाली. मी चहा केला. तिनं प्याला.

पुढं ती तीन गावं फिरली देशी सरकीसाठी. मीही घाटंजीच्या बाजारात विचारलं. दुकानदार म्हणाला, "बाबा, म्युझियममधी पाहा." बाकीचे हसले. मीही हसलो, कारण काय करणार? एका माणसानं देशी म्हणून दिली ती पेरली, तर ती पाकिटाचीच निघाली.

मग तिनं तंगूस घेतला. तो चार हात साबूत तुकडा काठीच्या टोकाला बांधला आणि पुढं तंगूस जोडला. दोन-तीन दिवस पाहिलं. फेक डोहाच्या मध्यापर्यंत जायची आणि बसायची. कपार तिथून पंधरा हात पुढं. तिनं शिसं लावलं, मरळ गेली. बाभळी तोडाव्या असं मी म्हणालो. "त्या तोडल्या की दरड येते खाली," ती म्हणाली. खरंच होतं ते.

शेवटी ती पाण्यात उतरायला लागली. पंधरा हात कमी पडतात ना, मग पंधरा हात आत जायचं. छातीइतक्या पाण्यात उभी राहून दोन्ही हात वर करून फेकायची. पौषात, माघात. मी काठावरून म्हणायचो, "अवं, नीघ बाहेर. नाई खाल्ली मरळ तर मरतो काय?"

ती मागं न पाहता म्हणायची, "पाय गारठले म्हनून तुम्ही तवाही रडलेच होते."

दोन हिवाळे असे काढले. पहिल्यात खोकला आला आणि गेला. दुसऱ्यात आला तो राहिला. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालं, आधीपासूनचंही काही होतं, उशीर झाला. ते शिकलेले लोक आहेत. ते म्हणतात ते खरं असेल. पण ते पाणी कुठलं, ते मला माहीत आहे.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं होतं. एका दुपारी जागी झाली आणि सलाईनची नळी दोन बोटांत धरून तिला पीळ द्यायला लागली. सिस्टर धावत आली. "आजी, काय करता?"

"पाह्यलं फक्त," दोरवाली म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तंगुसाच्याच जातीची हाय."

त्यावर मी तिला म्हणालो. दोन वर्षं म्हणायचं होतं ते म्हणालो. "अवं, मी नाई गुंडाळाले पाह्यजे होता."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "गारा मोठ्या होत्या म्हने."

"लय मोठ्या होत्या."

"हं."

माफ केलं की नाही, मला कळलं नाही. तिचं 'हं' मला तेहतीस वर्षांत कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

घरी आणलं. तिरडी बांधायला माणसं बसली. वेळू होता, गवत होतं. दोरी आणा म्हणाले, तर एकानं दुकानातून नायलॉनची निळी दोरी आणली. मी म्हणालो, सुताची आणा. माणसं इकडं तिकडं गेली. हा कापसाचा जिल्हा. चारी बाजूंना कापूस उभा होता, वेचणी चालू होती, गाड्या भरून जात होत्या. साऱ्या गावात हातभर सुताची दोरी निघाली नाही. शेवटी कोणी म्हणालं, "बाबा, ऊन वाढून राह्यलं," आणि निळ्या दोरीनंच बांधलं. गाठ सरकत होती, तीनदा बांधावी लागली. नायलॉनची गाठ सरकतेच. ती असती तर उठून पुन्हा स्वतः बांधली असती.

तो चार हातांचा तुकडा तेव्हा काठीच्या टोकाला होता आणि काठी आढ्याला. मला आठवत होतं. मी सोडून दिला नाही. चार हातांत तिरडी बांधली जात नाही हे खरं, पण निदान एक गाठ आली असती. नाही दिला. सारा जाळला तेवढं पुरे, हाही आपल्या हातानं आगीत द्यायचा का, असं झालं.

डोह आहे तिथंच आहे. कपारीत मरळ असेल, कोणी पोचत नाही तिथपर्यंत. पोरगी म्हणते घाटंजीला या. नातू आता नाकानं तिच्या बापासारखा राहिला नाही, आमच्या जावयासारखा दिसतो.

काठी मी कधी कधी खाली काढतो. तुकडा अजून पिवळा आहे, बोटाला चिकटत नाही, चांगला वाळला आहे. दात राहिले नाहीत म्हणून हिरड्यांत धरतो, ओढतो, जिभेनं ओला करून पीळ देऊन पाहतो. जवसाची चव येते. बाकी मला काही समजत नाही.